बॅट कुठल्या टोकाने द्यायची

माझ्या वडिलांच्या पाटीवर काय लिहायचं यावरून मी आमच्या गावच्या कोलबर्न मिलर्स या बेसबॉल क्लबशी तीन आठवडे भांडले आणि जिंकले. भांडणं जिंकायची मला सवय आहे. सत्तावीस वर्षं आठवीच्या पोरांना इतिहास शिकवल्यावर बाई तशीच होते. हे भांडण मात्र मी भलत्याच शब्दावरून केलं होतं, आणि ते मला पाटी तयार होऊन घरी आल्यावर कळलं.

मार्चमध्ये क्लबच्या ऑफिसातून केली ब्रॅननचा फोन आला. केली एकोणतीस वर्षांची, गोरी, अटलांटाहून इकडे कोलबर्नला आलेली. मुलगी गोड आहे, उगाच कशाला खोटं बोला.

"मिस ओडेसा, यंदा आम्ही तुमच्या डॅडींचा सत्कार करतोय. मैदानाच्या भिंतीवर त्यांची पितळी पाटी लागणार. पस्तीस वर्षं, म्हणजे काय खायचं काम आहे?"

"पाटीवर काय लिहिणार?"

"लूशस टार्पली, बॅटबॉय, १९५६ ते १९९१."

"माझे वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत, केली. काम सोडलं तेव्हा त्यांना नातवंडं होती. बॉय कुणाला म्हणतेस?"

ती गडबडली. "पण त्या कामाचं नावच ते आहे ना? बॅटी सांभाळतो तो बॅटबॉय. डिक्शनरीत सुद्धा..."

"डिक्शनरी मला नको सांगूस. कोलबर्नमध्ये त्या शब्दाचा अर्थ काय होता ते गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार. काळ्याला विचार, गोऱ्याला विचार, दोघं एकच सांगतील."

आणि खरंच एकच सांगितलं असतं. माझ्या लहानपणी आमच्या गावात काळा पुरुष पाच वर्षांचा झाला की 'बॉय' व्हायचा, आणि केस पांढरे होईपर्यंत 'बॉय'च राहायचा. मग एके दिवशी तो एकदम 'अंकल' व्हायचा. मधलं जे असतं, 'मिस्टर', ते फक्त गोऱ्यांना. सूतगिरणीच्या मुकादमाचा आठ वर्षांचा पोरगा माझ्या वडिलांना 'लूशस' म्हणून हाक मारायचा, आणि माझे वडील टोपी काढून त्याला 'मिस्टर बिली' म्हणायचे. मी शेजारी उभी असायची. माझ्या हातात पावाची पिशवी असायची आणि मला ती त्या पोराच्या डोक्यात घालावीशी वाटायची.

क्लबच्या कपड्यांचं तर बघायलाच नको. खेळाडूंच्या पाठीवर नंबर असतो. माझ्या वडिलांच्या पाठीवर दोन अक्षरं होती, बी आणि बी. बॅटबॉय. आई तो सदरा दर सोमवारी धुवायची आणि मी इस्त्री करायची. बारा वर्षांची असताना एका सोमवारी मी ब्लेड घेतलं आणि ती अक्षरं टाका टाका करून उसवली. डॅडींनी सदरा घातला, पाठ त्यांना कशी दिसणार? त्या दुपारी पंचाने त्यांना मैदानात पाऊल टाकू दिलं नाही. पाठीवर काही नसलेला काळा माणूस गोऱ्यांच्या खेळात काय करतोय, म्हणाला. ते पहिल्यांदाच सामना चालू असताना घरी आले. माझ्याकडे बघितलं, मी गादीखाली लपवलेली ती दोन अक्षरं शोधून काढली, सदऱ्यासकट आईपुढे ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. आई मला रागावली आणि तिने अक्षरं परत शिवली. मला वाटलं, मोठी माणसं घाबरतात.

तर सदतीस वर्षांनी मी पुन्हा ब्लेड हातात घेतलं म्हणायचं. केलीला तीन आठवडे फोन केले, क्लबच्या मंडळाला पत्रं लिहिली, एका पत्रात तर इतिहासाची चार पानं जोडली. शेवटी ते कंटाळले किंवा त्यांना पटलं, काहीही असो. 'बॅटबॉय' गेला. डॅडींना मी काहीच सांगितलं नव्हतं, म्हटलं आयतं बघतील आणि खूश होतील.

सत्काराच्या आठवडाभर आधी केली टॉवेलात गुंडाळलेली पाटी घेऊन आमच्या घरी आली. डॅडी पुढच्या ओट्यावर मांडीत परात घेऊन वाटाणे सोलत होते. मी तिला थंडगार गोड चहा दिला. तिने टॉवेल काढला आणि पाटी त्यांच्यापुढे धरली.

डॅडींनी चष्मा वर सरकवला, खाली सरकवला. मोठ्याने वाचलं, "लूशस टार्पली. डगआऊट व्यवस्थापक." मग मला विचारलं, "हा कोण?"

"डॅडी, तुम्हीच."

"मी कधी व्यवस्थापक होतो? संघाचा व्यवस्थापक होल्कोम्ब होता. दिवसभर तंबाखू थुंकायचा आणि हरलो की बादलीला लाथ मारायचा. मी एकदा तरी बादलीला लाथ मारली का?"

"काम तर सगळं तुम्हीच करायचात ना!"

"काम मी बॅटबॉयचं करायचो." त्यांनी पाटी केलीला परत दिली. "हे खोडा आणि बॅटबॉय लिहा, मिस ब्रॅनन. आणि नावाच्या आधी मिस्टर लावा."

केलीचा चेहरा उतरला. "मिस्टर टार्पली, शब्द बदलता येईल, त्याचं काही नाही. पण भिंतीवर मिस्टर कुणालाच नाहीये. महापौरांना नाही, डेल हचेन्सना नाही, आणि मैदानाच्या दरवाज्यावर तर त्यांचंच नाव आहे. मंडळाचा नियम आहे. सगळे सारखे."

"सगळे सारखे," डॅडी म्हणाले. "बरं झालं. कधीपासून?"

केली कानापर्यंत लाल झाली. ते काही टोचून बोलले नव्हते, खरंच माहिती विचारावी तसं विचारलं होतं, त्यामुळे तर तिला जास्तच लागलं असावं. मंडळाला विचारून बघते म्हणाली, पण बैठक थेट जूनमध्ये, सत्कार शनिवारी. चहा अर्धा ठेवून ती गेली.

मग मी त्यांच्यावर उखडले. "मी तुमच्यासाठी तीन आठवडे डोकं फोडलं आणि तुम्हाला तोच शब्द परत हवाय? तो शब्द? सगळं गाव तुम्हाला बॉय म्हणत होतं, त्याचं काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

"बस, डेसा," ते म्हणाले आणि परात माझ्याकडे सरकवली. "हात रिकामे असले की तू जास्त बोलतेस."

मी वाटाणे सोलायला घेतले आणि त्यांनी मला डगआऊटची गोष्ट सांगितली. खेळाडू बसतात ती जागा आमच्या मैदानात जमिनीखाली तीन पायऱ्या होती. तिथे काय चालायचं ते मला कधीच माहीत नव्हतं. आम्हा काळ्यांचा लाकडी सज्जा पार उजव्या कोपऱ्यात असायचा.

"पहिल्या वर्षी मी फक्त बॅटी नीट ठेवायचो," डॅडी म्हणाले. "ते यायचे, उपसायचे, राळ लावलेल्या मुठी एकमेकींना चिकटवून टाकायचे. दुसऱ्या वर्षी मी सांगितलं, रॅकला हात लावायचा नाही, ज्याची त्याला मी देईन. होल्कोम्ब हो म्हणाला, कारण त्याला भांडणं नको होती. मग ओहायोचा एक पोरगा आला. वेंडेल क्रान्झ. एकोणीस वर्षांचा, कॅचर. आईने चांगलं वळण लावलेलं. पहिल्याच दिवशी बॅट घेताना म्हणाला, थँक यू, मिस्टर टार्पली."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. होल्कोम्ब थुंकायचा थांबला. पोराला कळेच ना काय चुकलं. आणि मी सत्तावीस वर्षांचा बाप्या, पुढच्याची बॅट भलत्यालाच देऊन बसलो, डेसा. तोपर्यंत मला कुणी गोऱ्याने मिस्टर म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला बॅट मुठीकडून दिली. बाकीच्यांना जाड टोकाकडून."

"म्हणजे?"

त्यांनी अंगणातला झाडू घेतला आणि करून दाखवलं. मूठ माझ्याकडे केली की झाडू हातात नीट बसला. जाड टोक माझ्याकडे केलं की मला तो घेऊन फिरवावा लागला, दुसरा हात लावावा लागला. इतकीशी गोष्ट. कुणाला तक्रार करता येईना. बॅट वेळेवर मिळत होती, पुसलेली होती, ज्याची त्याला होती.

"मग हळूहळू त्यांना कळलं?"

"कसलं कळतंय!" डॅडी हसले. "क्रान्झने लागोपाठ अकरा सामने फटके मारले. बाकीच्यांचं लक्ष गेलं. याला बॅट मुठीकडून मिळते, हा मिस्टर म्हणतो, हा मारतो. झालं! बेसबॉलवाले किती वेडे असतात ते तुला माहीत नाही. एक जण सबंध उन्हाळा मोजे धुवायचा नाही. बाराव्या दिवशी अलाबामाचा एक दांडगट, ज्याने मला आयुष्यात नावाने हाक मारली नव्हती, तो खाली मान घालून पुटपुटला, मिस्टर टार्पली. मी मूठ पुढे केली. त्याने त्या दिवशी दोन मारले. ऑगस्टपर्यंत सगळा डगआऊट मिस्टर टार्पली, मिस्टर टार्पली करत होता."

"म्हणजे मान नव्हताच तो," मी म्हटलं. "अंधश्रद्धा होती."

"असेल. चौतीस वर्षं रोज म्हटलं की काय होतं शेवटी, ते तू ठरव. नवे आले ते जुन्यांचं बघून म्हणायला लागले. त्यांना कारणही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, बॅटबॉयला मिस्टर म्हणायचंच असतं." ते थांबले. "फक्त डेल हचेन्स म्हणाला नाही."

डेल हचेन्स सगळ्यांना माहीत आहे. एकसष्ट साली, विसाव्या वर्षी तो इथे खेळला आणि मग मोठ्या संघात जाऊन नऊ वर्षं नाव कमावून आला.

"त्याला नशिबाची गरजच नव्हती," डॅडी म्हणाले. "देवाने हातात दिलं होतं. अख्खं वर्ष रोज जाड टोक घ्यायचा, हसायचा, फिरवायचा आणि मारायचा. त्याला एकट्याला कळलं होतं मी काय करतोय ते."

मी मूठभर शेंगा सोलल्या. मग मी विचारलं, "पण मग बॅटबॉय कशाला हवं? नुसतं मिस्टर लूशस टार्पली लिहू देत."

"नुसता मिस्टर कोणीही असतो. बँकेतला मिस्टर. गिरणीतला मिस्टर. मी बॅटबॉय असून मिस्टर होतो. दुसरा शब्द काढलास तर पहिल्यात काय उरलं?" मग परातीतला एक किडका वाटाणा त्यांनी बाहेर टाकला. "पण ते खालीच राहिलं. त्या तीन पायऱ्या चढून वर आलं की लाऊडस्पीकरवर पुन्हा लूशस. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांची आडनावं घ्यायचे, मिस्टर होल्कोम्ब, डॉक्टर अमुक, आणि शेवटी, आपला लूशस! लोक टाळ्या वाजवायचे. माझ्या पोरी तिकडे कोपऱ्यात बसलेल्या असायच्या. तुला ती दोन अक्षरंच दिसणार, डेसा. तू पाठीमागून बघत होतीस."

मला रडू आलं. माझी मलाच लाज वाटली. हा माणूस भित्रा आहे असं मी बारा वर्षांची असल्यापासून मनात धरून बसले होते, आणि त्यांच्यावर प्रेम करत होते ते सुद्धा जरासं माफ केल्यासारखं. त्यांनी मात्र रोज, हातातल्या कामातूनच, आपला मान वसूल केला होता.

शनिवारी दुपारी सत्कार होता. मे महिना, ऊन मी म्हणत होतं, आणि मैदान भरलं होतं. आमच्या चर्चची मंडळी तिसऱ्या रांगेत, उकडलेले शेंगदाणे घेऊन. तीच 'डगआऊट व्यवस्थापक'वाली पाटी भिंतीवर लावून तिच्यावर पांढरं कापड टाकलं होतं. केली मला बाजूला घेऊन म्हणाली, "मिस ओडेसा, मी सगळ्यांना फोन केले. दोन जण हो म्हणाले, तीन जण जूनपर्यंत थांबा म्हणाले. मी काय करू?"

"कापड काढू नकोस," मी म्हटलं.

कार्यक्रम असा ठरला होता. डॅडी डगआऊटमध्ये बसणार, लाऊडस्पीकरवर नाव आलं की वर येणार, आणि मैदानाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या डेल हचेन्सच्या हातात जुन्या दिवसांसारखी बॅट देणार. हचेन्स सत्तावन्नचा, गुडघे गेलेले, काठी घेऊन आला होता. डॅडींनी जुना सदरा घातला होता, पाठीवर ती दोन अक्षरं. इस्त्री मी केली होती.

मी त्यांच्याजवळ बाकावर बसले. वरून आवाज घुमला, "आणि आता, कोलबर्नचा लाडका बॅटबॉय, आपला लूशस!"

टाळ्या. मोठ्या टाळ्या. डॅडी बॅट मांडीवर ठेवून बसून राहिले.

निवेदकाला वाटलं ऐकू आलं नसेल. "लूशस, या वर! लाजू नका!" लोक हसले. डॅडी हलले नाहीत.

"डॅडी," मी हळूच म्हटलं, "तो नवा पोरगा आहे, त्याला काय माहीत."

"पस्तीस वर्षं वर गेलो," ते म्हणाले. "आज घाई नाही."

टाळ्या विरळ झाल्या. मग बंदच पडल्या. दोन हजार माणसं उन्हात गप्प बसली की त्याचं दडपण येतं. केली कापडापाशी उभी राहून ओठ चावत होती. मला वाटलं, आता निवेदक काहीतरी विनोद करणार, बँड वाजणार, आणि हे सगळं म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून विसरलं जाणार.

तेवढ्यात डेल हचेन्स काठी टेकत आमच्याकडे यायला लागला. बरंच अंतर होतं. तीन पायऱ्या तो आडवा होऊन, एकेक करत उतरला आणि डॅडींच्या समोर उभा राहिला. त्याला धाप लागली होती. डॅडींनी बसल्या बसल्या बॅट पुढे केली. जाड टोक त्याच्याकडे.

हचेन्सने त्या टोकाकडे बघितलं आणि हसला. "अजून?"

"अजून," डॅडी म्हणाले.

हचेन्सने टोपी काढली. खाली बघितलं. मग अगदी बारीक आवाजात, शेजारी बसलेल्या मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "मिस्टर टार्पली."

मी श्वास सोडला. मला वाटलं, झालं. आता मूठ पुढे येणार.

डॅडींनी बॅट तशीच धरून ठेवली. "ऐकू आलं, डेल," ते म्हणाले. "आभारी आहे. पण इथे खाली सगळेच म्हणायचे. तुला उशीर झालाय, आता वर जाऊन म्हणावं लागेल. तिकडे माईक आहे."

हचेन्सचा चेहरा पडला. क्षणभर वाटलं हा चिडणार, दरवाज्यावर नाव असलेला माणूस. तो माझ्याकडे बघायला लागला, जशी काही मी मध्ये पडणार होते. मी कशाला पडते! मी वर बोट दाखवलं.

तो त्या तीन पायऱ्या परत चढला. काठी टेकत मध्यभागी गेला. माईक त्याच्या मानाने बुटका होता, त्याला वाकावं लागलं.

"मी एकसष्ट साली इथे खेळलो," तो म्हणाला. "बाकी सगळे या माणसाला जे म्हणायचे ते मी म्हटलं नाही. मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच म्हटलं नाही." लाऊडस्पीकर खरखरला. "मिस्टर लूशस टार्पली. कोलबर्न मिलर्सचे बॅटबॉय."

आधी आमच्या चर्चची रांग उठली. मग बाकीचे. डॅडी उभे राहिले, मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही, आणि एकटे तीन पायऱ्या चढून उन्हात गेले. मी पाठीमागून बघत होते. ती दोन अक्षरं दिसत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती उसवावीशी वाटली नाहीत. त्यांनी हचेन्ससमोर जाऊन बॅट फिरवली आणि मूठ त्याच्या हातात दिली. भिंतीवरचं कापड केलीने काढलं नाही. जूनच्या बैठकीत मंडळाने पाटी बदलायचं ठरवलं, तीन विरुद्ध दोन मतांनी, आणि त्या भिंतीवर मिस्टर लावलेली ती एकच पाटी आहे.

पण ते नंतरचं. त्या दुपारी हचेन्सने बॅट डॅडींनाच भेट म्हणून परत दिली आणि ते ती घेऊन खाली आले. दमले होते. बाकावर टेकले, घाम पुसला आणि मला म्हणाले, "डेसा, ही गाडीत ठेव."

मी हात पुढे केला. त्यांनी बॅट पुढे केली. जाड टोक माझ्याकडे.

"डॅडी!"

ते नुसते वाट बघत होते. एकोणपन्नास वर्षं मी त्यांना डॅडी म्हटलं होतं, त्यांच्या वतीने भांडले होते, त्यांची लाज वाटून घेतली होती. मी मोठ्याने म्हटलं, वरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"मिस्टर टार्पली."

त्यांनी बॅट फिरवली.